परवाना शाखा, सिव्हिल लाइन्स

कायमचा पत्ता? बालाघाट, मध्य प्रदेश.
सध्याचा? व्हेटर्नरी कॉलेज, मुलींचं होस्टेल, खोली एकोणीस.
होस्टेल चालत नाही, मी म्हटलं.
भाडेकरार आण, वीजबिल आण,
नाहीतर तिकडच्या कलेक्टरकडे जा बापा.

हेमलता बिसेन. वय वीस वर्षं सात महिने.
एकवीस लागतात.
कायदा हिला म्हशीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालू देतो,
पाऊण किलो लोखंड हातात देत नाही.

बाप तेंदूपत्त्याच्या ठेक्यावर रोकड ने-आण करायचा.
बत्तीस बोअरचं रिव्हॉल्वर त्याचं.
तो गेला; ते तिकडच्या ठाण्यात,
मालखान्यात, पुठ्ठ्याचं लेबल बांधून.

कारणाच्या रकान्यात लोक लिहितात, जीवितास धोका.
कोणापासून, विचारलं की घसा खाकरतात.
हिचा रकाना कोरा.

सत्तावीस वर्षं मी रविनगरच्या क्वार्टरात राहतो,
आणि सर्व्हिस बुकात अजून
कायमचा पत्ता: तुमसर.
तिथं माझ्या नावाचं पत्र गेलं
तर पोस्टमन शेजाऱ्याला विचारेल, हा कोण?

पाच महिन्यांनी ये, मी म्हटलं.
मिळालं तरी राज्याची हद्द ओलांडायला वेगळी परवानगी,
अन् निवडणूक लागली की पुन्हा जमा.
ती ऐकत होती. बोटांवर आयोडिनचे पिवळे डाग.

मग म्हणाली, काका, मला ते नकोच आहे.
घामानं सटकू नये म्हणून बाबांनी
मुठीला सुतळी गुंडाळली होती.
तेवढी एकदा पाहायची.
नुसतं पाहायला परवाना लागतो का?

जेवणाची सुट्टी संपली
तरी मी नियमांचं पुस्तक चाळतोय.