हद्द कायम मोजणी

माणसाचा चेहरा माझ्याकडे येतच नाही.
येते ती वाटाण्याएवढी कातडी, ओल्या गॉजवर,
आणि डॉक्टर पेरिनींनी पेन्सिलीनं काढलेलं नाक.
मी कडांना शाई लावते: वर निळी, खाली लाल,
गालाकडे हिरवी.
गोठवते. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप
काचेवर घेते.
टाउन्सव्हिलच्या या मागच्या खोलीत
वीस वर्षं मी फक्त कडा बघत आले.

आजचा नंबर चार: मर्विन हेबरफील्ड, वय अठ्ठ्याहत्तर.
व्यवसाय: भूमापक, निवृत्त.
चार्टर्स टॉवर्सच्या पश्चिमेला
जिथं कुंपणाची तार सरळ जाते
आणि का जाते हे कुणाला आठवत नाही,
तिथं चाळीस उन्हाळे त्यानं दुर्बिणीमागे काढले,
टोपी मागे सरकवून,
कारण टोपीची कड भिंगाला आपटायची.

वाटा त्याला आधीच सांगितल्या होत्या.
खरवडून जाळणं: पाठीवर चाललं असतं.
एकाच घावात, चार मिलिमीटर चांगली कातडी सोबत घेऊन:
पण नाकपुडीशी चार मिलिमीटर आणायचे कुठून?
म्हणून हे. एक थर, मग थांबायचं. पुन्हा एक थर.

पहिला थर. सातच्या काट्यावर जांभळी वस्ती,
न विचारता वसलेली, दाटीवाटीची.
नकाशावर लाल खूण. फोन. "अजून आहे."

बाहेर बाकावर सहा म्हातारे, सहा पट्ट्या,
एकाच गावच्या लग्नाला आल्यासारखे.
बिस्किटं फिरतात. कुणी ऊस तोडलेला, कुणी कोळंबी धरलेली.
कुणीच उन्हाला नावं ठेवत नाही.

दुसरा थर. सातलाच, पण बारीक, एकटा धागा.
मी तीनदा पाहिलं. धागाच.

तिसऱ्याला साडेअकरा वाजले.
निळी साफ. लाल साफ. हिरवी
साफ.

आता खड्डा कसा भरायचा?
कानामागची कातडी आणून लावायची,
की गालाची फिरवायची, मुळाला जोडलेलीच ठेवून,
की उघडाच ठेवायचा, भरेल तसा भरू दे?
मर्विन म्हणाला म्हणे,
"शेजारच्याच गटातली घ्या. लांबची माती रंगाला लागत नाही."
पेरिनी टाके घालताना हसत होत्या.

दुपारी तो चुकून माझ्या दारात उभा,
नाकावर उशीएवढी पट्टी.
"रेष तुम्ही शोधलीत?"
शोधली म्हटलं.
"मी आखायचो. शोधली एकही नाही.
तिथली माणसं नुसती बघत राहायची."
मग थोडं थांबून, "दगड कुठं पुरलात?"
उत्तर सुचलं नाही. टाके मोजून सांगितले: अकरा.

दोन वाजता गाडीचं स्टिअरिंग हाताला धरवेना.
बाह्या खाली ओढल्या.
डाव्या मनगटावर एक ठिपका आहे, नाताळापासून.
त्याला मी अजून नंबर दिलेला नाही.