चौथ्या मागाची जागा

कुत्री काय कमी होती वडगावात?
गल्लीत सगळ्यांनी विचारलं.
कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं तर माझी अर्धी दाढी तशीच ठेवून विचारलं.
कमी नव्हती.
आमच्याच दारात तीन.

सुताच्या व्यापाऱ्यानं स्कीम काढलेली,
एवढा माल उचला, जोडीनं जॉर्जियाला जा.
जॉर्जिया कुठं आहे ते विमानात बसल्यावर कळलं.
सहा दिवस. डोंगर, थंडी, दगडी चर्च,
आणि हॉटेलशेजारी जमिनीत उतरणारा मेट्रोचा जिना.
त्या जिन्याच्या तोंडाशी तो झोपायचा.
पिवळट. एक कान पडका, दुसऱ्यात नंबराचा बिल्ला.
मालननं घरनं बांधून नेलेली कडक भाकरी
चटणी झाडून त्याच्यापुढं मोडली.
कडाकडा खाल्ली त्यानं,
जणू सौंदत्तीच्या जत्रेत जन्मलेला.

शेवटच्या दिवशी ती बसमध्ये चढेना.
भांडली नाही, रडली नाही.
पायरीवर बसून म्हणाली, तुम्ही जावा, मी येतो मागनं.
चाळीस माणसं काचेतनं बघालीत,
गाईड मनगटावर बोट आपटालाय.
का, ते मी विचारलं नाही.
तीस वर्षांत तिनं मागितलेली ही दुसरी वस्तू.
पहिली पाण्याची टाकी होती.

हॉटेलातल्या केतेवान नावाच्या पोरीनं त्याला आठ महिने सांभाळला.
इकडं मी कागद भरत होतो.
जात, रंग, वय, टोचलेल्या सुया, मालकाचं नाव.
मातृभाषेचा रकाना नव्हता.
कागद उलटून मागच्या बाजूला पण बघितलं.
आमच्या भागात असा कागद
मी पहिल्यांदाच हातात धरत होतो.

पैसे कमी पडले. चौथा माग काढला.
रबकवीच्या माणसानं टेम्पोत चढवला,
मालन दोरी धरायला आली, काही बोलली नाही.
जमिनीत बोल्टांची चार भोकं राहिली
आणि तेलाचा एक काळा चौकोन, घासून न जाणारा.

बेंगळुरातनं रात्रभर गाडी.
पिंजऱ्यात तो गप्प. पाणी नाही, बिस्कीट नाही.
हिरेबागेवाडीच्या टोलवर
ड्रायव्हरनं सुट्ट्यावरनं वाद घातला,
तेव्हा तो पहिल्यांदा भुंकला. ड्रायव्हरच्या बाजूनं.

नीलव्वा म्हणाली, कानात भिकबाळी घालून आलाय, मोठ्या घरचा दिसतोय.
तेव्हापासनं ती त्याला बीगर म्हणते. म्हणजे व्याही.
मालन म्हणते ये, नीलव्वा म्हणते बा.
तो दोघींना नीट ऐकून घेतो,
मग जिच्या हातात भाकरी आहे तिच्याकडे जातो.
दारातल्या तिघांनी त्याला आठवडाभर गल्लीबाहेर काढलं,
आठव्या दिवशी कंटाळले.

पण घरात तो टिकत नव्हता.
न्हाणीजवळ भिंतीला टेकून उभा, रात्री पण उभाच.
मालन शेजारी गोणपाट घालून बसायची.
मला वाटलं, चुकलं. माग गेला, आणि हा पण जाणार.

सोमवारी सकाळी मी तिन्ही माग एकदम चालू केले.
खटाखट, खटाखट, फरशी हादरायला लागली.
तो आला.
काळ्या चौकोनाभोवती दोनदा फिरला, हुंगला,
भोकांच्या मधोमध अंग टाकलं,
पडका कान जमिनीला लावला आणि झोपला.
पाय झोपेत पळत होते.

तो माग आठवड्याला दोन साड्या काढायचा.
हा काय काढतो, ते विचारू नका.

दुपारी तीनला करंट जातो.
माग थांबतात, आणि तो दचकून उठतो,
दाराकडे बघत राहतो,
गाडी चुकल्यासारखा.
मालन भात निवडता निवडता म्हणते,
येईल रे, येईल. चारला येतो करंट.