अंगी लागणं

हार्नेसच्या पट्ट्यावर छापलं होतं: कमाल शंभर किलो.
त्याहून जड माणूस लटकला तर दोर जबाबदार नाही.
मी एकशे आठ, मुश्ताक हमदुले एकशे नऊ.
सेफ्टीवाल्या सालिमने दोघांनाही शिडीवरून उतरवलं,
"चार महिने," म्हणाला, आणि बोटंही चार दाखवली,
निदान हा आकडा तरी आम्हाला पेलावा म्हणून.

सोहारच्या कॅम्पात खोली एक, मेस एक.
बशीरका एकाच डावाने दोघांना वाढायचा.
भात बंद. खुबूस अर्धा.
पहाटे चारला, ऊन उठायच्या आत, समुद्राच्या कडेने
चौकापासून मासळीबाजारापर्यंत, आणि परत.
बनियन पिळावं असा घाम,
दोघांचा सारखाच खारट, असं मी धरून चाललो.

दुसऱ्या महिन्यात माझी पँट सैल झाली.
तिसऱ्यात मी पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडलं
आणि जिभेला हाड राहिलं नाही.
"मनावर घ्यावं लागतं, मुश्ताक."
"रात्री काही खातोस का रे?"
तो हसायचा.
बारीक होत गेलं ते फक्त त्याचं हसू.

एका शुक्रवारी तो नमाजला गेला तेव्हा
मी त्याचं कपाट उघडलं.
फरसाणाची पिशवी शोधत होतो. खरं सांगतो,
सापडावी अशी इच्छा होती.
सापडली वही, शंभर पानी, गिचमिड अक्षरात:
तीन खजूर. ड्रायव्हरचा आग्रह. नको म्हणायला हवं होतं.
अर्धं सफरचंद.
झोप दोन तास. भूक नाही. तरी एकशे सात.
रेडकर नव्वदीत गेला. बरं वाटलं.
तीन खजूर खोडून पुन्हा लिहिले होते.
शेवटची ओळ खोडलेली नव्हती.

वही होती तशी ठेवली. कपाट नीट लागेना.

मग आठवत गेलं, जे त्याने कधीचंच सांगितलं होतं
आणि मी बहाणा म्हणून ऐकलं होतं:
बाप दाभोळच्या खाडीत चाळीस वर्षं होडी वल्हवायचा,
एक वेळ जेवायचा,
तरी जनाज्याला खांदे बदलावे लागले दर दहा पावलांवर.
साखरेची गोळी, जी म्हणे वजन धरून ठेवते.
मोडकी झोप.
आणि आमच्याकडे? आमच्याकडचा माणूस
लग्नाच्या पंगतीतून उठतानाही उपाशी दिसतो.
मीच मधली काही वर्षं वाट चुकलो होतो.
शरीर आपलं माहेरी परतलं,
आणि सत्कार मी माझा करून घेतला.

खाल्ल्या अन्नाला जागणारी माणसं असतात,
तशी शरीरंही असतात.
एक घास दिला तर विसरत नाहीत वर्षभर.
माझं कृतघ्न. त्याला लोक शिस्त म्हणतात.

चार महिन्यांनी मी शहाण्णव. मुश्ताक एकशे सहा.
मॅरीवेल नर्सने दोन्ही कागदांवर तोच शिक्का मारला,
फक्त खालची ओळ वेगळी.
मी वर गेलो. तो स्टोअरमध्ये, नटबोल्ट मोजायला.
चालणं त्याने सोडलं नाही. मी सोडलं.

परवा रात्री गेटवर ट्रेलरचा वजनकाटा रिकामा होता,
लोखंडी, अंगणाएवढा, वीस किलोच्या पायरीने मोजणारा.
मुश्ताक म्हणाला, चल.
आधी मी उभा राहिलो: शंभर.
मग तो, एकटा: शंभर.
दोघं पोट धरून हसलो, वॉचमन बाहेर येईपर्यंत.
मग दोघं एकदम: दोनशे.

"दोन किलो कमी दाखवतोय," मी म्हणालो.
"ते दोन माझे," म्हणाला. "वहीत लिही.
कुठे असते, माहीत आहे तुला."

वहीबद्दल मी त्याला कधी बोललो नव्हतो.