खळं

युटलंडच्या उत्तरेला मार्चमध्ये उजाडतं
ते कुणी ओल्या फडक्यानं काच पुसल्यासारखं.
बोधिल गाडीतून उतरते, बूट बदलते,
निळं प्लास्टिक चढवते,
आणि बर्फाचा डबा कडेवरच्या पोरासारखा सांभाळत
डुकरांच्या शेडमध्ये शिरते.

चारशे माद्या. नाव कुणालाच नाही.
थोर्किल मात्र एकीला बाईसाहेब म्हणतो,
कारण ती आधी खाते, मग बाकीच्या.
बोधिल तिच्या नाकपुडीत कापसाची काडी फिरवते.
बाईसाहेब शिंकतात.
"पिल्लांना हगवण होती," थोर्किल सांगतो,
"डॉक्टरनं पाण्यातून औषध दिलं. पाच दिवस. वहीत आहे सगळं."
वहीत खरंच सगळं असतं: तारीख, ग्रॅम, सही.
या देशात थेंबसुद्धा नोंद करून पडत असावा.

प्रयोगशाळेत जंतू रात्रभर बशीवर पसरतात,
साय धरावी तसे, बिनबोभाट.
वर कागदाच्या टिकल्या, टिकलीत औषध.
सकाळी टिकलीभोवती रिकामी जागा,
चंद्राला खळं पडावं तशी.
बोधिल पट्टी लावते. एकोणीस मिलिमीटर. बावीस. चौदा.
आधी याच टेबलाशी इंगेर मोजायची;
तिच्या वहीत हाच जंतू, हीच टिकली,
आणि गोल अक्षरात: अठ्ठावीस.

आभाळातल्या खळ्याचं म्हणतात,
खळं जवळ, तर पाऊस लांब.
इथंही तसंच.
खळं आखडतं, उतार लांब जातो.

एका टिकलीला तर खळंच नाही.
जंतू थेट काठाला टेकलेत,
बांधावरून शेजाऱ्याशी बोलायला आल्यासारखे.
बोधिल लिहिते: सहा.
सहा म्हणजे टिकलीचीच रुंदी.
म्हणजे काहीच नाही; पण शून्य लिहायची पद्धत नाही.

गुरुवारी माणसांचे नमुने येतात.
त्यांनाही नाव नसतं.
०९३२. मुलगी. वय सहा. गुडघा.
आणि गावाचा आकडा.
त्या गावात एवढी मुलगी एकच.
मागच्या पानगळीत तिनं पिल्लू उचलून दाखवलं होतं:
"याच्या कानात केस आहेत, आजोबांसारखे."

जनुकांचा छापील पट्टा सोमवारी येतो.
०४१७, मादी, नाक.
०९३२, मुलगी, गुडघा.
कोण कुणाकडून आलं, पट्टा सांगत नाही.
एवढंच म्हणतो, ही मंडळी एका घरची.
बोधिलची कॉफी गार होते.
आकड्याचं माणूस करायचं नाही, असा नियम आहे.
नियम चांगला आहे. तिनंच नव्या मुलांना शिकवलाय.

मेमध्ये थोर्किल थर्मास उघडतो.
"पोरीचा गुडघा सुकला.
दवाखान्यात वेगळी खोली दिली, नर्सा झगे घालून यायच्या.
वाढदिवसाला नऊ जणींना बोलावलं.
दोघी आल्या."
मग बुटांकडे बघत, "आमच्याच डुकरांचं का ते?"

उत्तर बोधिलच्या जिभेवर येऊन बसतं,
उठत नाही.
"अहवाल पुढच्या महिन्यात निघेल. सगळ्या देशाचा, एकत्र."
"म्हणजे आम्ही असणार त्यात, पण दिसणार नाही."
"हो."

तो वही मागं मागं चाळतो,
त्या पाच दिवसांवर बोट ठेवतो.
"नसतं दिलं, तर बारा-पंधरा पिल्लं गेली असती."
हा प्रश्न नाही. ती उत्तर देत नाही.

बाईसाहेब झाल्या, शेजारची झाली.
थोर्किल टोपी काढतो, मान मागं टाकतो.
"माझंही घे."
"तुझा फॉर्म नाही माझ्याकडे."
"काडी तर आहे ना?"

काडी आहे. एकच उरलीय.
दारातून आलेलं ऊन त्याच्या कानावर पडलंय,
कानातले केस पांढरे, मऊ.
बोधिल हातमोजे बदलते.
नळीवर काय लिहायचं, हे अजून ठरलेलं नाही.