एकास बाराशे ऐंशी

दार लावते, पडदा ओढते.
सांतियागोच्या या इस्पितळात
तळघरातली ही एकच खोली
जिथे दुपारी दोनलाही रात्र असते.

नळीवर नाव नाही. आकडी पट्टी, वय अठ्ठावन्न,
आणि गावाचा कोड, जो मला पाठ आहे:
नोया. माझंच गाव.

एक भाग रक्तद्रव, एकोणऐंशी भाग खारं पाणी.
त्यातलं निम्मं घ्यायचं, तेवढंच पाणी घालायचं.
पुन्हा निम्मं. पुन्हा पाणी.
एकशे साठ. तीनशे वीस. सहाशे चाळीस.
आई कोबीचं काल्दो असंच वाढवायची,
पानावर माणूस वाढलं की पळीभर पाणी,
आणि चौथ्या पळीला चव जायची.

इथे जात नाही.
एकास बाराशे ऐंशी,
आणि भिंगाखाली अजून हिरवं.

ठिपके. सुटे सुटे, मोजता येतील असे,
पेशीपेशीत चाळीस-पन्नास.
आणि जी पेशी दुभंगायच्या बेतात आहे
तिच्यात सगळे मधोमध ओळीनं उभे,
ओहोटीला दंताळी घेऊन
खाडीत उतरलेल्या बायकांसारखे.

मग मला दोसिंदा आठवते.

गेल्या थंडीत बाजारात तिसऱ्या मोजून देताना
तिची तीन बोटं दुसऱ्या पेरापर्यंत मेणासारखी पांढरी.
मग निळी. मग लाल.
"बघ, झेंडा फडकवतेय," म्हणाली, हसली.
आमच्याकडे सगळ्यांचेच हात असे, आई म्हणाली,
चाळीस वर्षं पाण्यात घालून बघ.
अंगठी सोनाराकडून कापून घेतली होती तिनं.
आणि तोंड, जे अख्खं सफरचंद चावायचं,
ते आता शिंपल्याचं मांसही
सुरीनं दोन करून मागतं.

रक्ताचं पाणी केलं म्हणतात, ते तिनं केलं.
तीन मुली शिकवल्या, त्यातली एक दंतवैद्य.
आणि मी इथे रोज करते, पिपेटनं, मोजून,
तिचं असेल तर तिच्या,
नसेल तर दुसरीच्या.

उशिया नवी आहे. तिनं विचारलं,
या कागदावर रो, ला, जो, ही कसली नावं?
माणसांची, मी म्हटलं.
ज्यांच्या रक्तात हे पहिल्यांदा सापडलं
त्यांच्या नावातली पहिली अक्षरं.
उरलेलं नाव गळालं.
तिचे ओठ जरा हलले.
स्वतःचं नाव तोडून पाहत असणार.
मीही पाहिलं होतं, पहिल्या वर्षी.
बरं वाटलं नव्हतं.

या ठिपक्यांना मात्र कुणाचं नाव नाही.
'दो' म्हणायला हरकत नव्हती.

आपलेच दात, आपलेच ओठ,
हे आपण भांडणाबद्दल बोलतो, भावकीबद्दल.
इथे बोलायचं कुणाबद्दल?

डॉक्टर किरोगा म्हणतात, आकडा म्हणजे दुखणं नव्हे.
धडधाकट माणसाचंही कधी कधी चमकतं.
लक्षणांशी ताडून पाहावे, असं लिही.
लिहिते. सही करते. दिवा लावते.
डोळ्यांत बराच वेळ हिरवं राहतं.

शनिवारी गावी. दोसिंदा आईकडे बसलेली,
लोकरी हातमोजे मांडीवर.
"तू तिथे नक्की करतेस काय गं?"
"अंधारात बसून ठिपके मोजते."
"आणि लहान निघाले तर परत टाकतेस की नाही?
आम्हाला टाकावे लागतात. कडी आहे आमची, मापाची.
तिच्यातून पडलं ते खाडीचं."

नाही, म्हटलं. आम्ही काहीच परत टाकत नाही.

मी तपासलेलं रक्त तिचं होतं का, मला माहीत नाही.
विचारायची मुभा नाही, आणि तिनंही विचारलं नाही.
माझा कॉफीचा कप तिनं दोन्ही हातांत धरला.
पांढरी बोटं. आम्ही तिघीही त्यांच्याकडेच बघत होतो,
दूध उतू जाईल म्हणून बघावं तसं.
निळी झाली. मग नखांच्या कडेनं
तांबूस.

"आज लवकर आला," ती म्हणाली,
आणि कप परत दिला. रिकामा.