चार तास, कधी पाच

उद्यमनगरातल्या माझ्या शेडमध्ये
लेथच्या वर दोन घड्याळं आहेत.
एक इथलं, मुद्दाम दहा मिनिटं पुढं,
कारण पोरं उशिरा येतात.
दुसरं महाद्वार रोडवरनं आणलं, दोनशे ऐंशीला.
ते ॲडलेडचं.
ते मी मिनिटाला मिनिट बरोबर ठेवतो.
इरगोंडा विचारतो, मालक, दोन कशाला?
एक बंद पडलं तर असावं, म्हणतो मी.

तू गेलीस त्या जुलैत राजाराम बंधाऱ्यावर
पाणी एकोणचाळीस फुटांवर होतं.
सगळं गाव फूट मोजत होतं
आणि आम्ही किलो.
तेवीसला बॅग बंद होईना.
तुझ्या आईनं एक स्वेटर बाहेर काढला,
मसाल्याची पिशवी राहू दिली.
तिथं थंडी असते हे वाचलं होतं आम्ही,
पण जुलै म्हटलं की अंगाला
छत्री आठवते, स्वेटर आठवत नाही.

पहिला महिना तू सगळं सांगायचीस.
खोलीला बाँड द्यावा लागतो म्हणालीस,
मी म्हटलं, शंभराचा स्टँप पुरेल ना?
बाँड म्हणजे चार आठवड्यांचं भाडं, आगाऊ.
मग दोघंही गप्प.
तू तिथं, मी इथं, पंचावन्ननं गुणत बसलो.

कचऱ्याचे डबे तीन.
लाल झाकण दर मंगळवारी,
पिवळं आणि हिरवं आलटून पालटून.
इथं घंटागाडी वाजली की
माझ्या मनात येतं, आज पिवळं.

पंधरवड्याला अठ्ठेचाळीस तासच काम करू देतात
म्हणून चिडली होतीस.
मी अठ्ठेचाळीस तास चार दिवसांत संपवतो,
पण बोललो नाही.
म्हाताऱ्यांच्या चादरी बदलायचं काम तुझं.
आईला अजून लायब्ररी सांगितलंय.

कॉफीच्या कपावर तुझं नाव नेहा लिहितात.
स्नेहांकिता त्यांच्या तोंडात बसत नाही म्हणे.
बॅगेच्या मुठीला मी पितळेची पट्टी अडकवली होती,
अक्षर-अक्षर पंच मारून,
अनुस्वार सुद्धा.
ती आहे ना?

सप्टेंबरात फोन आखडले.
आधी ‘ठेवतो बाबा’ म्हणायचीस,
आता ‘ठेवते’.
कोण पुण्याची आहे का तिथं?
विचारायचं राहिलं, तुझी ट्राम आली.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी म्हणालीस,
आमच्याकडं घड्याळ एक तास पुढं केलं.
आमच्याकडं.
मी स्टुलावर चढून काटा ढकलला.
सुतात आणि मायक्रॉनमध्ये जन्म गेला माझा;
वस्तू हलली नाही तर माप बदलत नाही.
तू जागची हलली नाहीस
आणि एका तासानं लांब गेलीस.
एप्रिलात तो तास परत देतात म्हणे.
बघू.

परवा रात्री बाराला फोन. तिथं पहाटेचे पाच.
नळ गळतोय, मालकाचा माणूस सोमवारी येणार,
थेंबाथेंबानं डोकं उठलंय.
मी म्हटलं, आधी मेन कॉक बंद कर.
पाना दाखव. असा नाही. डावीकडं.
फोन तू ओट्यावर तिरका ठेवलेला,
मला दिसत होतं छत, दिव्याची पट्टी,
मधनंच तुझं कोपर.
वायसर चपटा झालेला, एका कडेला चिरलेला.
उलटा करून बसव, सोमवारपर्यंत चालतंय.
मग पाण्याचा आवाज.
मग आवाज नाही.
‘थांबलं बघा! ठेवतो बाबा, सातला ड्युटी हाय.’
मागं पोखऱ्याची सम्झना हसत होती, तुला की मला, कळलं नाही.

सकाळी शेड उघडली.
नायलॉनच्या उरलेल्या कांडीतनं
अर्ध्या इंचाचे चार वायसर काढले,
कडा घासून, व्हर्नियर लावून.
इरगोंडा म्हणाला, ऑर्डर कुणाची?
एक्स्पोर्टची, म्हटलं,
आणि तंबाखूच्या रिकाम्या डबीत टाकून
डबी दुसऱ्या घड्याळाखाली ठेवली.