उधारीचा उजेड

तीस वर्षं मी अक्षरांना सावली दिली
उजवीकडं, खाली, दोन बोटं सोडून,
काळ्या ऑइल पेंटची.
भुसार दुकान असो, दवाखाना असो,
उत्तरेला तोंड असो की दक्षिणेला,
माझ्या पाट्यांवर सूर्य खिळ्यानं ठोकलेला
डाव्या कोपऱ्यात, वरती.
कुणी विचारलं नाही.

मग फ्लेक्स आले.
ब्रश रॉकेलच्या डब्यात वाळून खुंट झाले
आणि मी, पेंटर व्यंकट, वय बावन्न,
उदगीरच्या नुसरतबाईंच्या मागच्या खोलीत
इंटरमिजिएटच्या पोरांमागं
भिंतीला टेकून बसलो.

समोर स्टुलावर लाल वाकळ. तिच्यावर
चुन्यात बुडवून वाळवलेला चिंध्यांचा चेंडू,
पुठ्ठ्याचा खोका, त्यालाही चुना,
आणि डालड्याचा जुना डबा, अर्धा पिवळाच,
चुना पुरला नाही.

पहिल्या दिवशी दहा मिनिटांत केलं.
हात सराईत. चेंडू गोल, कंपास न लावता,
आणि कडेला काळं.
बाई बघत राहिल्या. म्हणाल्या,
"ह्याला भोक पडलंय हो.
तिथं काळं नाही. तुम्हाला माहिताय म्हणून लावलंत.
आता डबीला झाकण लावा अन् नुसतं बघा,
चहा येईपर्यंत."

चहा यायला पाऊण तास लागला.

डोळे बारीक केले,
उन्हात लांबून एसटीची पाटी वाचताना करतो तसे.
आधी काहीच नाही. मग दिसलं
पांढऱ्यात पांढरं किती थोडं असतं ते:
साबुदाण्याएवढं, वरच्या अंगाला, बस्.
बाकी सगळं उतरत गेलेलं,
ताकाचं, मग राखेचं, मग
जवसाच्या फुलातलं पुसट निळं.
सगळ्यात गडद जे, ते काठावर नव्हतंच,
काठाच्या अलीकडं थबकलेलं.
आणि काठाला, अगदी काठाला,
सावलीच्या पोटात
एक तांबूस उजेड.

"हा कुठून आला?"
"वाकळीचा. खालून. उधारीचा आहे,
जपून लावा. खऱ्याच्या वर जाऊ देऊ नका."

उधारी मला कळते.
माझी निम्मी वही तिचीच आहे.

खोक्याच्या दिवशी बारा वाजता लाइट गेली.
पोरं ओरडली. बाईंनी खिडकी उघडली
आणि खोक्याच्या दोन सावल्यांतली एक
कुठं गेली कळलंच नाही.
माझ्या कागदावर मात्र ती राहिलेली.
पुसू का, विचारलं.
"मघाशी होती ना?" म्हणाल्या, आणि पुढं गेल्या.

आता पांढरा खोका रंगवायला
पांढरा रंग फार लागत नाही मला.
निळ्यात कावेचा थेंब, पाणी जास्त.
चेंडू अजून नीट जमत नाही.
परवा एक असा झाला मात्र
की शेजारच्या आलियानं कागदावर बोट टेकवून बघितलं,
फुगलाय का.

घरी येताना चौबाऱ्याजवळ
माझीच पाटी लागली, सत्त्याण्णव सालची:
कन्हैया सायकल मार्ट.
दुकान मोबाइलचं झालंय,
पाटी तेवढी काढायची राहिली.
मावळतीला तोंड असलेली भिंत.
इथं ऊन येतं ते उजवीकडूनच, कायम.
विजेच्या खांबाची सावली
'सा'वरून सरकत 'य'वर आलेली,
निळसर, काठ मऊ,
खालच्या पिवळ्याला हिरवट करत.
आणि तिच्या आत माझी,
सुतानं आखलेली, काळी,
चुकीच्या बाजूला.

दुकानातलं पोरगं बाहेर आलं.
"काका, पाटी काढायलाव का?"
"नाही," म्हटलं, "थांब जरा.
ती अजून 'य'वरच आहे.
'ल'पर्यंत वाचू दे तिला."